सही जुळत नाही

नाटकावर टीका करणाऱ्याला नाटक लिहिता येत नाही आणि हॉटेलवर टीका करणाऱ्याला बिल द्यावं लागत नाही, असा आमच्या शाखेत एक जुना समज आहे. नाटकाचं मला ठाऊक नाही. हॉटेलचं सांगायचं तर ज्या जेवणाबद्दल मी लिहितो आहे त्याचं बिल भाच्याने दिलं हे खरं. पण ते मी दोनदा तपासलं, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. बेरीज बरोबर होती. करही नियमाप्रमाणे लावला होता. तेव्हा पुढे जे काही कमीजास्त लिहीन ते हिशेबाच्या रागापोटी नव्हे, एवढं वाचकांनी सुरुवातीलाच नोंदवून घ्यावं.

आता एका बी. कॉम. माणसाने, आणि तोही यवतमाळचा, जपानी रामेनवर आणि रामेनमागच्या भिंतीवरल्या चित्रकलेवर टीका करावी म्हणजे जरा अतीच झालं. आमच्या जिल्ह्यात खाण्याची समीक्षा फार थोडक्यात आटोपते. पदार्थ उत्तम असला तर माणूस बोलत नाही, पुन्हा वाढून घेतो. बरा असला तर "जमलं" म्हणतो. आणि अगदीच बिघडला असला तर यजमानीणबाईंना "तब्येत बरी नाही का हो?" असं काळजीने विचारतो. यापलीकडे शब्दसंपत्ती खर्च करण्याची आमच्याकडे रीत नाही. चित्रकलेच्या बाबतीत तर त्याहून काटकसर.

पण माझ्या गाठीशी एक गोष्ट आहे. गेली वीस वर्षं मी सह्या पाहतो आहे. पूर्वी नमुन्याचं कार्ड काढून शेजारी धरत असू, आता तीच सही पडद्यावर उमटते, काम तेच. समोरच्या कागदावरची सही त्याच माणसाची आहे का, आणि मुळात ती आहे का. शेतकऱ्याची कापसाच्या बोंडासारखी उमललेली सही, सरपंचाची घाटातल्या रस्त्यासारखी वळणावळणाची सही, पेन्शनर मास्तरांची दर महिन्याला थोडी थोडी थरथरत चाललेली सही. याचा परिणाम असा झाला, की कुठलंही चित्र समोर आलं की माझी नजर आधी त्याच्या कोपऱ्याकडे जाते. मग मधलं चित्र. वडिलांनी जपून ठेवलेल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर कोपऱ्यात ठसठशीत 'दलाल' असायचं, आणि आमच्या लहानपणच्या हॉटेलांत मुळगावकरांच्या कॅलेंडरातली लक्ष्मी फ्रेम करून टांगलेली असायची. हॉटेलातल्या कलेशी माझी ओळख एवढीच. गल्ल्याच्या वर लक्ष्मी, लक्ष्मीखाली उदबत्ती, उदबत्तीखाली 'उधार बंद'.

तर माझा भाचा पुण्यात आहे. यवतमाळचा तरुण हल्ली एक तर पुण्यात असतो किंवा पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये असतो. आम्ही उभयता चार दिवस त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, मामी, तुम्हाला एका वेगळ्या ठिकाणी नेतो. आर्ट थीमचं आहे. एकदम कॅज्युअल." मी पँट बदलायला निघालो होतो, तो 'कॅज्युअल' ऐकून परत बसलो. त्या हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. खातेदाराची माहिती बाहेर बोलायची नाही हे वीस वर्षांत अंगवळणी पडलं आहे.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती भिंत. भिंत म्हणजे भिंतच. रंगवलेली नाही असा वीतभर तुकडा शिल्लक नव्हता. डावीकडे ती जगप्रसिद्ध जपानी लाट, जिला पंजे फुटल्यासारखे दिसतात. समोर मोठाल्या डोळ्यांची जपानी व्यंगचित्रं. उजवीकडे, पाणी पिण्याच्या जागेशेजारी, एक भलं थोरलं हरीण: अंगभर बारीक ठिपके आणि रेघा, आणि शिंगांच्या जागी झाडच उगवलेलं, झाडावर पक्षी. आपल्याकडच्या गोंड चित्रांतलं. टेबलावर ताटाखाली कोरा कागद आणि वाटीत रंगीत खडू. गिऱ्हाइकांनी वाट पाहताना चित्र काढायचं, आणि ते बरं निघालं तर हॉटेलवाले दोरीला चिमट्याने टांगतात. कपडे वाळत घालावेत तशी चित्रं वाळत होती.

आधी खाण्याविषयी लिहितो, कारण तिथे मला तक्रारीला जागा नाही आणि टीकाकाराने तक्रारीला जागा नसलेला भाग लवकर उरकावा असा संकेत आहे. पण तो उरकत नाही, अशी पंचाईत आहे.

रामेन म्हणजे वाडगाभर गरम रस्सा आणि त्यात शेवया. वरून मांसाचे काप, कांद्याची पात, अर्धवट उकडलेलं अंडं, आणि एका बाजूला खोचलेला समुद्री शेवाळाचा काळा चौकोन. तो मला थेट कार्बन पेपर वाटला. हल्ली बँकेतून कार्बन हद्दपार झाला आहे, त्यामुळे जुना सहकारी भेटल्यासारखं झालं. हिचा शनिवार होता, तिच्यासाठी अळंब्यांचा बिनमांसाचा रस्सा आला. माझा कोंबडीच्या हाडांचा. तासन् तास उकळून हाडांतला सगळा अर्क पाण्यात उतरवलेला, दुधाळ, दाट. सावजीचा रस्सा खाल्ला की आधी कानशिलं तापतात आणि मग माणसाला आपली पापं आठवतात. हा रस्सा तसं काही करत नाही. तो हळूच छातीत उतरतो आणि तिथे बसून राहतो. अंड्याचा बलक मधासारखा. शेवया पिवळसर, दाताखाली किंचित उलटून येणाऱ्या.

हा उलटून येण्याचा गुण कुठून येतो ते ऐकून हिला फार आनंद झाला. रामेनच्या कणकेत एक क्षारयुक्त पाणी घालतात. त्याने शेवयांना रंग येतो आणि चिवटपणाही. म्हणजे आपल्या पापडखाराचाच चुलत भाऊ. "बघा," ही म्हणाली, "आणि आपण उगीच घाबरत होतो." मग तिने घरच्यासारखं खायला सुरुवात केली. मीही भुरका मारला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने दचकून पाहिलं, टेबलाखाली हिच्या पायाने माझा पाय दाबला, पण भाचा म्हणाला, "मामा, बरोबर आहे. जपानात असंच खातात." साऱ्या हॉटेलात जपानी पद्धतीने जेवणारा मी एकटाच होतो. बाकीचे वाडग्याचा फोटो काढून ते थंड व्हायची वाट पाहत होते.

माझ्या आईला हा पदार्थ दाखवला असता तर तिने त्याला परकं म्हटलं नसतं. आमच्या विदर्भात उन्हाळ्यात सरगुंडे करतात. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळत न्यायची, अलगद काडी काढून घ्यायची आणि ती वेटोळी उन्हात वाळवायची. उकडून आंब्याच्या रसात खायची. हातशेवयांचं तर सांगायलाच नको. अंगणात बाजेवर आडव्या काठ्या आणि काठ्यांवर पांढऱ्या झिपऱ्या वाळत घातलेल्या. रामेन या शब्दाचं मूळ चिनी असून त्याचा अर्थ 'ओढलेल्या शेवया' असा सांगतात. ओढायचं काम दारव्ह्याच्या अंगणात काय आणि चीनमध्ये काय, बायकांचे खांदे सारखेच दुखत असणार.

आणि हा पदार्थ मूळचा श्रीमंतांचा नव्हेच. चीनमधून आलेल्या मंडळींनी योकोहामासारख्या बंदरांत तो आणला. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात 'रायरायकेन' नावाचं दुकान निघालं, त्यातले आचारीही योकोहामाहून आणलेले चिनी. खाणारे कामकरी, विद्यार्थी, रात्रपाळीवाले. दुसऱ्या महायुद्धानंतर देश उपाशी होता, तांदूळ मिळेना, अमेरिकेचा गहू आला, आणि त्या गव्हाच्या शेवया काळ्या बाजारातल्या गाड्यांवर उकळू लागल्या. मग १९५८ मध्ये मोमोफुकू आंदो या गृहस्थांनी घरामागच्या शेडमध्ये खटपट करून त्या शेवया तळून वाळवल्या आणि पाकिटात भरल्या. आपल्याकडे १९८३ साली मॅगी आली ती याच वंशवेलीतली. तेव्हा आमच्या पिढीने रामेनचं नातवंड आधी पाहिलं आणि आजोबा चाळिशीनंतर भेटले. आजोबा सहाशे चाळीस रुपयांना होते. अंडं वेगळं.

परत आल्यावर हा आकडा मी शाखेत सांगितला तेव्हा हेड कॅशियरांनी मोजत असलेलं बंडल खाली ठेवलं. "सहाशे चाळीस? राजेहो, तेवढ्यात गावरान कोंबडं येते अख्खं! अन् वरून मसाला." मुद्दा रास्त होता. पण त्यांना मी एक गोष्ट सांगितली ती इथेही नोंदवतो, कारण ती आमच्या धंद्यातली आहे.

जपानने ३ जुलै २०२४ रोजी नव्या नोटा काढल्या. त्यांतल्या हजार येनच्या नोटेवर पुढच्या बाजूला कितासातो शिबासाबुरो हे जंतुशास्त्रज्ञ आहेत आणि पाठीमागे तीच ती लाट. आता गंमत अशी, की जपानातल्या रामेनवाल्यांमध्ये 'हजार येनची भिंत' असा एक शब्दप्रयोग आहे. महागाई कितीही वाढो, एक वाडगा हजार येनच्या वर नेला की गिऱ्हाईक बिथरतं. पीठ महागलं, हाडं महागली, गॅस महागला, तरी दुकानदार त्या भिंतीला डोकं टेकून उभा. वर बऱ्याच दुकानांत पैसे टाकून तिकीट घ्यायची यंत्रं; नवी नोट आली तेव्हा ती ओळखायला यंत्रं बदलण्याचा खर्चही त्याच्याच माथी. म्हणजे ज्या नोटेवर लाट छापली तीच नोट म्हणजे एक वाडगा. हजार येन आपल्या हिशेबाने सहाशे रुपयांच्या आतबाहेर. पुण्यातला भाव फारसा चुकलेला नव्हता. आपल्याकडे वीसच्या नोटेवर वेरूळ आहे. एके काळी त्यात तर्रीपोह्यांची प्लेट यायची, आता वेरूळवर कोणार्क ठेवावं लागतं.

याहून मोठी गंमत पुढे आहे. कात्सुशिका होकुसाई यांनी ही लाट काढली १८३१ च्या सुमारास, 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं' या मालिकेसाठी. वय तेव्हा सत्तरीचं. (आमच्याकडे साठाव्या वर्षी नारळ देतात.) लाकडी ठशांवरून हे चित्र हजारोंनी छापलं गेलं. आणि १८४२ साली तिथल्या सरकारने अशा एका पानाची कमाल किंमत ठरवून दिली ती सोळा मोन, म्हणजे त्या काळी शेवयांच्या एखाद-दोन वाडग्यांइतकी. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीही लाट आणि शेवया एकाच भावात होत्या! २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच छापाची एक प्रत सत्तावीस लाख डॉलरच्या वर गेली. शेवयांना हे जमलेलं नाही.

इतकं सगळं मला भाच्याच्या फोनवरून कळत होतं तोवर माझी नजर लाटेच्या कोपऱ्याकडे गेली होतीच. उजवीकडे खाली काही नव्हतं. सही डावीकडे वर होती, उभी, अगदी शाबूत. तिचा अर्थ असा निघाला: 'नाव बदलून इइत्सु झालेल्या होकुसाईच्या कुंचल्यातून'. मी अक्षरशः उठून उभा राहिलो. नाव बदलल्याची नोंद सहीतच! आमच्याकडे एखाद्या ताईंचं सासरचं नाव खात्यावर चढवायचं तर लग्नाचा दाखला, राजपत्र, दोन फोटो आणि तीन फेऱ्या. इथे गृहस्थाने एका ओळीत जुनं नाव, नवं नाव आणि सही असा सगळा दस्तऐवज उरकला आहे. शिवाय हॉटेलवाल्यांनी शेजारी छोटी पाटी लावली होती. होकुसाई कोण, केव्हा जन्मले, चित्राचं नाव काय. पाटी इंग्रजीत होती, पण होती. मला ही गोष्ट मनापासून आवडली.

यादीवरही तोच काटेकोरपणा. अंडी कुठल्या फार्मची, अळंबी कुठल्या तालुक्यातली, हिरवी पात कोणी पिकवली, सगळं लिहिलेलं. अंड्याला पूर्ण केवायसी होतं.

दरम्यान हिने ताटाखालच्या कागदावर खडूने ठिपके मांडून रांगोळी काढली होती. वाढणाऱ्या मुलाला ती इतकी आवडली, की तो ती उचलून दोरीला टांगायला निघाला. ही म्हणाली, "थांब बाळा." आणि पेन मागून तिने खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, कंसात यवतमाळ, आणि पिनकोड. वीस वर्षं बँकेतल्या माणसाशी संसार केला की हे होतं. मुलाने ती रांगोळी नेऊन बरोबर हरणाच्या वर टांगली, आणि ही टांगलेली नीट दिसते का ते पाहायला गेली ती तिथूनच म्हणाली, "अहो, या हरणाचा कोपरा कुठे गेला?"

गेलो. हरणाच्या उजव्या खुराशी चित्र संपतं तिथे एक स्विचबोर्ड होता. चार बटणं, एक प्लग, आणि एका प्लगात कोणाचा तरी फोन. बोर्डाच्या मापाने चित्र चौकोनी कापलेलं होतं. शेजारी पाटी नाही.

मॅनेजर चांगला मुलगा होता. टी-शर्टवरही लाट. मी विचारलं, "हे हरीण कोणाचं?"

"सर, डेकोरवाल्यांनी लावलंय. विनाइल आहे. चौरस फुटावर मिळतं."

"ते कळलं. काढलं कोणी?"

"सर, ते... ट्रायबल आहे."

"लाटेखाली तुम्ही जॅपनीज एवढंच लिहिलेलं नाही. होकुसाई लिहिलं आहे."

तो हसला. बोलण्यात खोट नव्हती. म्हणाला, "सर, खरं सांगू का, फाईलमध्ये कोपऱ्यात काही तरी लिहिलेलं होतं. सही असेल. पण बोर्ड तिथेच येत होता."

आता ही टीका आहे म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. ज्या शैलीतलं ते हरीण होतं तिला 'ट्रायबल' म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती कोणी सुरू केली हे जगाला ठाऊक आहे. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढसिंह श्याम. परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा वाद्यावर गाऊन सांगणारे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही परधानांची मोठी वस्ती आहे, त्यांचे पगार आणि पेन्शनी माझ्या खिडकीवरून जातात. चित्रं काढणारे मात्र ते तिकडचे. १९८० च्या सुमारास चित्रकार जे. स्वामिनाथन भोपाळच्या भारत भवनासाठी खेडोपाडी फिरत होते आणि त्यांच्या मंडळींना भिंतीवर चित्रं काढणारा हा मुलगा सापडला. गाण्यातले देव त्याने कागदावर आणले, ठिपक्याठिपक्यांनी. भोपाळच्या विधान भवनात त्याची चित्रं आहेत. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात तो गेला. आणि जुलै २००१ मध्ये जपानातल्या निईगाता प्रांतात, तोकामाचीच्या मिथिला म्युझियमसाठी चित्रं काढायला गेला असताना, तिथेच त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. ऐन चाळिशीत. त्या वेळी तिथल्या एकटेपणाबद्दल आणि मोबदल्याबद्दल आपल्या देशात बरंच लिहिलं-बोललं गेलं. त्या हरणाकडे आणि समोरच्या जपानी लाटेकडे आळीपाळीने पाहताना माझा रस्सा निवत चालला होता, आणि मला तो गरम करून मागावासा वाटला नाही.

ते हरीण जनगढचं होतं असा माझा दावा नाही. त्याच्यानंतर त्याच्या घराण्यातले, गावातले कितीतरी जण काढतात. प्रत्येकाची ठिपके भरण्याची तऱ्हा निराळी, आणि जाणकार तेवढ्यावरून माणूस ओळखतात म्हणे. म्हणजे अंगभर सहीच ती. पण आमच्या खात्यात 'ओळखीचा वाटतो' यावर पैसे देत नाहीत. कोपरा लागतो.

कोणी म्हणेल, हॉटेल ते हॉटेल, तिथे एवढं कुठे बघायचं? तर हॉटेलांचाच दाखला देतो. लंडनच्या इझलिंग्टन भागात 'मसाला झोन' नावाच्या भारतीय हॉटेलाला भिंती रंगवून हव्या होत्या. त्यांनी चौरस फुटाचा भाव विचारला नाही, माणूस बोलावला. भज्जू श्याम, जनगढचे पुतणे. दोन महिने त्यांनी तिथे भिंती रंगवल्या, आणि परत येऊन लंडन कसं दिसलं त्याचं पुस्तक केलं, 'द लंडन जंगल बुक', २००४ साली. त्यात बिग बेनचं घड्याळ आणि कोंबडा एकजीव झाले आहेत, कारण वेळ सांगणारे दोघंच. २०१८ साली भज्जू श्याम यांना पद्मश्री मिळाली. हे गृहस्थ चित्रकार होण्याआधी भोपाळात रात्रीचे पहारेकरी होते आणि नंतर इलेक्ट्रिशियन. म्हणजे स्विचबोर्ड कुठे बसवावा हे तरी त्यांना विचारता आलं असतं.

मुंबईत कुलाब्याला 'कॅफे मोंडेगार'च्या भिंतींवर मारिओ मिरांडा आहेत. तिथे कोणाला विचारावंच लागत नाही. आणि जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार'. ते १९६४ साली निघालं आणि मार्च २०१५ मध्ये बंद झालं. बँकेच्या परीक्षेला मी मुंबईला गेलो होतो तेव्हा उन्हाने कावून तिथे शिरलो. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट जागा, एका अंगाला म्युझियमची हिरवळ. पराठा मागवला. शेजारच्या टेबलावर दाढीवाला एक माणूस चहाच्या एका कपावर तासभर बसला होता, मला कोणी उठवलं नाही आणि त्यालाही नाही. तो चित्रकार होता की माझ्यासारखाच परीक्षेला आलेला, कोण जाणे. त्या जागेला थीम नव्हती. भिंतीपलीकडे चित्रं होती, अलीकडे ती काढणारे बसून खात होते, एवढंच.

पुण्याचं हे रामेन वाईट नाही, हे मी पुन्हा लिहितो. उलट इतकं चांगलं आहे की भिंतीची मला चीड आली. आचाऱ्याने रश्श्यात एकही गोष्ट चौरस फुटाने आणलेली नव्हती. ज्याला अंड्याचं गाव सांगता येतं त्याला हरणाचं का सांगता येऊ नये? आमच्याकडे बचत गटाच्या बायका सरगुंड्यांची पाकिटं विकतात, त्यावरही गटाचं नाव असतं, गाव असतं, कधी कधी अध्यक्षाबाईंचा फोटोसुद्धा. आता होकुसाईच्या बाबतीतही पुरता ताळा लागतो असं नाही. चित्र त्याचं, पण ते लाकडात कोरलं दुसऱ्यांनी, छापलं तिसऱ्यांनी, आणि त्या चेंगट, बारीक, डोळे फोडणाऱ्या कामाची सही त्या पानावर नाही. हे मी हिला ट्रॅव्हल्समध्ये सांगत होतो. ती झोपली होती.

निघताना मी मॅनेजरला भज्जू श्याम यांचं आणि जनगढ यांचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, देवनागरीत आणि इंग्रजीत. त्याने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. आठवड्याने भाच्याचा फोन आला. "मामा, त्यांनी तुमचं ऐकलं." मला बरं वाटलं. "हरीण काढून टाकलं. तिथे आता वारली लावताहेत. स्विचबोर्ड जरा वर घेतलाय."

पुढच्या रविवारी दारव्ह्याला गेलो तेव्हा आईला सगळा पदार्थ समजावून सांगितला. शेवया तिला लगेच कळल्या. पापडखाराचं ऐकून तिने मान डोलावली. अंडं अर्धं कच्चं ठेवतात याचं तिला वाईट वाटलं, पण ती काही बोलली नाही. मग मी हाडांच्या रश्श्यावर आलो; कोंबडीचीच नव्हे, जपानात डुकराचीही हाडं लावतात, बारा-बारा, सोळा-सोळा तास गंज चुलीवरून उतरवत नाहीत, सारखं ढवळतात, तेव्हा कुठे तो दुधासारखा पांढरा होतो. आई निवडत असलेली मेथी तशीच धरून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"सोळा घंटे उकयते म्हन्तं, तं मंग थो गंज घासते कोन?"